हुकलेला घाव

शिवराई तळहातावर घेतली की आधी डोळ्यांत भरतं ते तिचं अपुरेपण. पुस्तकातलं वर्णन अगदी सोपं असतं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. हातातल्या पैशावर मात्र ‘श्री’ अर्धीच, ‘राजा’चा शेवटचा काना कडेबाहेर गेलेला, ठिपके असलेच तर तीन-चार. सगळा मजकूर आणि सगळं वर्तुळ एकाच नाण्यावर उतरलंय अशी शिवराई क्वचितच भेटते. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा विक्रेता असाच तिरका पैसा पुढे करतो, आवाज खाली आणून म्हणतो, “साहेब, एरर पीस आहे,” आणि दाम तिप्पट सांगतो.

त्या पैशात चूक काहीच नसते. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून मजकूर बाहेर सांडलेला असतो. तांब्याच्या पैशाला सगळी अक्षरं मिळालीच पाहिजेत, असा आग्रह तेव्हा कुणाचाच नव्हता. बाजारात तो वजनावर आणि ओळखीवर चालत होता. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं पुढे पेशवाई संपेपर्यंत आणि इंग्रजी अमलातही काही काळ पाडलं जात राहिलं. कितीतरी टांकसाळी, कितीतरी सोनार, कितीतरी ठसे. त्यामुळे ‘शिव’चं कुठे ‘सिव’ होतं, कुठे ‘सीव’. ‘पति’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. शुद्धलेखनाचे नियम त्यानंतर खूप उशिरा आले. आजचे नियम घेऊन त्या कारागिराची वही तपासायला बसणं मला पटत नाही. अभ्यासक या फरकांवरून शिवराईचे प्रकार पाडतात, तेच योग्य. त्यांना कुणी चुका म्हणत नाही.

मग चूक कशाला म्हणायचं? या छंदातला खरा प्रश्न हा एकच आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. मी माझ्यापुरती एक व्याख्या धरून चालतो: टांकसाळीच्या दाराच्या आत, नाणं घडत असताना, घडवणाऱ्याच्या मनात नसलेलं जे घडलं ती चूक. दाराबाहेर पडल्यावर जे झालं ते नाण्याचं नशीब. ते कितीही विचित्र दिसलं तरी त्याला चुकीचा मान मिळत नाही.

हाताने नाणं पाडायची रीत डोळ्यांसमोर आणली की खऱ्या चुका आपोआप दिसू लागतात. खालचा ठसा ऐरणीसारख्या ठोकळ्यात पक्का बसवलेला. त्यावर तापवलेली किंवा थंड चकती. तिच्यावर वरचा ठसा हाताने धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. पहिला घाव हलका बसला म्हणून दुसरा घातला आणि तेवढ्यात चकती हलली, तर तीच अक्षरं थोडी सरकून दुसऱ्यांदा उमटतात. ‘राजा’च्या मागे ‘राजा’ची सावली दिसते. चकती हलण्याऐवजी उलटलीच, तर ‘छत्र’च्या खाली ‘श्री’ची रेघ राहते. अशा नाण्यात दोन घावांमधला क्षण अडकलेला असतो. पहिला घाव कुठला आणि दुसरा कुठला हेही सांगता येतं. ज्याची अक्षरं दबलेली, चेपलेली, तो आधीचा. ज्याची अक्षरं वर आणि अखंड, तो नंतरचा.

सगळ्यांत देखणी चूक मात्र वेगळीच. घाव बसल्यावर पाडलेलं नाणं कधी कधी वरच्या ठशालाच चिकटून वर जातं. घाईत ते ध्यानात येत नाही. खाली नवी चकती पडते, पुन्हा घाव बसतो. आता वरून दाब देतंय ते ठशाचं तोंड नव्हे, तर त्याला चिकटलेल्या नाण्याचा उघडा चेहरा. नव्या चकतीच्या खालच्या बाजूला नेहमीसारखी उठावाची छाप पडते. वरच्या बाजूला तीच छाप पुन्हा उमटते, पण खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी. दोन्हीकडे एकच चित्र, एकीकडे टेकडी, दुसरीकडे खड्डा. आपल्याकडचे नाणेसंग्राहक अशा नाण्याला ‘लक्खी’ म्हणतात. लाखात एखादं निघतं, आणि ज्याच्या गल्ल्यात असेल त्याला बरकत येते, असा समज. रोमन दिनारांत ही चूक बरीच आढळते आणि तिथे बहुधा सम्राटाचा चेहराच दोन्हीकडे असतो, कारण चेहऱ्याचा ठसा ते खाली, ठोकळ्यात बसवत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कामगाराच्या हाताखाली कुठला ठसा होता आणि हातात कुठला, हे त्याच्या गफलतीने आपल्याला कळतं. बरोबर पाडलेलं नाणं यातलं काहीच सांगत नाही.

मला या चुकांचं वेड लागलं ते यामुळेच. बिनचूक नाणं राजाचं असतं. त्यावर राजाचं नाव, राजाचं चिन्ह, राजाचा शक. चुकलेल्या नाण्यावर त्या सगळ्याच्या बरोबरीने एक अनाम माणूस हजर असतो. तो दमलेला असेल, घाईत असेल, शेजाऱ्याशी बोलत असेल. त्याची कुठल्याच दप्तरात नोंद नाही. त्याचा घाव हुकला म्हणून तो आपल्याला भेटतो.

यंत्रं आली आणि हा माणूस थोडा मागे सरकला. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ 1820 च्या दशकात बांधली गेली, वाफेची यंत्रं बसली आणि रुपये एकाच मापाचे, एकाच जाडीचे, कडेला बारीक दाते असलेले पडू लागले. पण यंत्राच्याही चुका असतात, आणि त्या ओळखायला यंत्राची रीत माहीत हवी. धातूची लांब पट्टी लाटून तिच्यातून चकत्या कापतात. दिवाळीत पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरीला चंद्रकोरीसारखा घास पडतो ना, तसाच पट्टी नीट सरकली नाही की चकतीला घास पडतो. संग्राहक याला ‘क्लिप’ म्हणतात. पट्टीच्या टोकाशी कापली गेली तर कड सरळ तुटलेली दिसते.

आता असं नाणं कानस घेऊन घरीही करता येतं. मग खरं कसं ओळखायचं? इथे मला या विद्येचं खरं कौतुक वाटतं. चकती कापल्यावर तिला छाप पडण्याआधी एका यंत्रातून फिरवून तिची कड दाबून थोडी उंचावतात. चकतीच्या एका अंगाला घास असेल, तर त्या जागी यंत्राला दाबायला काही मिळत नाही. आणि दाब दोन्हीकडून लागत असल्यामुळे बरोबर समोरच्या अंगाचीही कड नीट उंचावत नाही. म्हणून खऱ्या क्लिप असलेल्या नाण्यात घासाच्या अगदी समोरची कड पुष्कळदा फिकी, पसरट दिसते. घासाजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी होतात, कारण घाव बसताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो. कानशीने घासणारा बिचारा घास तेवढा करतो. समोरच्या कडेचं त्याच्या ध्यानात येत नाही. जुन्या बाजारातल्या एका जाणत्या काकांनी माझ्या हातात रुपया देताना पहिल्यांदा सांगितलं होतं, “अहो, चेहरा काय बघता? चेहरे सगळेच बघतात. आधी कड बघा.” त्यानंतर मी कुठलंही नाणं आधी उभं धरतो.

दुसरी कसोटी उठावाची. ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंचावलेली रेघ येते. नाणं पडल्यावर कुणी ओरखडा काढला तर ती रेघ खोल जाते. उंच रेघ टांकसाळीची, खोल रेघ बाहेरची. हा नियम प्रत्येक वेळी पुरेसा नाही, पण निम्मी भांडणं त्यावर मिटतात. अक्षरं गायब असतील तर ठशात वंगण आणि धूळ साचली असेल. तेव्हा अक्षराच्या जागी पृष्ठभाग सपाट आणि आसपासच्यासारखाच झळाळणारा असतो. घासून काढलेलं अक्षर मात्र आपल्या जागी खरवडलेल्या खुणा सोडतं. तिसरी कसोटी तराजूची. जॉर्ज राजाच्या चांदीच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम. वेगळ्याच धातूवर किंवा दुसऱ्याच नाण्यासाठी कापलेल्या चकतीवर छाप पडल्याचा दावा असेल, तर तो तराजूसमोर फार वेळ टिकत नाही. अमेरिकेत 1943 मध्ये युद्धामुळे एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडत होते. आदल्या वर्षीच्या काही कांस्याच्या चकत्या मागे राहिल्या आणि त्यांच्यावरही 1943 ची छाप पडली. त्या मोजक्या नाण्यांना आज लाखो डॉलर मिळतात, आणि म्हणूनच पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देणारेही निघाले. त्यांचा निकाल लोहचुंबक एका क्षणात लावतो.

नकली लक्खीचा निकाल लावायलाही फार वेळ लागत नाही. दोन नाणी एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये आवळली की एकाची छाप दुसऱ्यावर खोल उमटते. पण दाब सगळीकडे सारखा बसत नाही आणि नाण्यावरची आधीची छाप चेपून तिथेच राहते. खऱ्या लक्खीत खोलगट चित्र स्वच्छ असतं, त्याच्याखाली दुसऱ्या कुठल्या चित्राचा मागमूस नसतो, आणि पाठीमागची बाजू ठणठणीत असते.

आपल्या रुपयात एक सोपी चूक कुणालाही तपासता येते. वहीचं पान उलटावं तसं नाणं आडवं उलटायचं. पुढे सिंह सरळ उभे होते, तर मागचा आकडाही सरळ उभा दिसायला हवा. तो तिरका किंवा डोक्यावर उभा असेल, तर यंत्रात ठसा फिरलेला होता. अशी नाणी बरीच निघतात. काही अंशांनी फिरलेल्या ठशाला मी विशेष मानत नाही. पूर्ण उलटं असेल तर जपून ठेवावं.

पण ओळखीचा निम्मा भाग हा चूक नसलेल्या गोष्टी बाजूला काढण्यात जातो, आणि मला तोच भाग जास्त आवडतो. जुन्या चांदीच्या रुपयांवर बारके गोल, फुलं, चंद्रकोरी ठोकलेल्या दिसतात. नवखा माणूस त्यांना टांकसाळीचा गोंधळ समजतो. त्या सराफांच्या खुणा. रुपया आतून तांब्याचा तर नाही ना, हे पाहून खातरजमा केलेल्या सराफाने आपली खूण ठोकलेली असते. नव्या नाण्यांवर सालाखाली दिसणारी चौकट, तारा, ठिपका हेही टांकसाळीचे शिक्के: चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नॉयडाचा, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. ‘ठिपकावाला दुर्मीळ रुपया’ म्हणून जे विकलं जातं ते हेच. व्हिक्टोरिया राणीच्या 1862 सालच्या रुपयांवर सालाखाली कमीजास्त ठिपके असतात. तेही हेतुपुरस्सर, 1862 हे साल न बदलता तोच रुपया 1874 पर्यंत पाडत राहिले, आणि मुंबईच्या टांकसाळीने कुठलं नाणं कोणत्या वर्षीचं हे ठिपक्यांतून नोंदवून ठेवलं.

1911 चा रुपया या यादीत मजेदार आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत एक छोटासा हत्ती कोरला होता. सोंड आखूड पडली, कान नीट उठले नाहीत, आणि लोकांना तिथे डुक्कर दिसलं. हिंदुस्थानात राजाच्या अंगावर डुक्कर म्हणजे मुसलमान प्रजेच्या भावनेला धक्का. सरकारने नाणी मागे घेतली. कोलकाता आणि मुंबईत मिळून सुमारे 94 लाख रुपये पडले होते. त्यातले सुमारे 7 लाख बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. पुढच्या वर्षी हत्तीला ठळक कान आणि लांब सोंड मिळाली. ‘डुकराचा रुपया’ आजही संग्राहकांच्या तोंडी आहे. काटेकोर बोलायचं तर टांकसाळीने काही चूक केली नव्हती, प्रत्येक रुपया ठशाबरहुकूम पडला होता. चूक कोरणाऱ्याच्या छिन्नीत होती की बघणाऱ्याच्या नजरेत, यावर मात्र दोन संग्राहक एकत्र आले की चहा थंड होतो.

आणि जोगलटेंभी. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला, 13,000 हून अधिक नाण्यांचा. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरी छाप ठोकलेली होती: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. एकटं नाणं समोर आलं तर कुणीही म्हणेल, दुहेरी घाव, चुकलेलं नाणं. कान एका राजाचा, त्यावर डोंगर दुसऱ्याचा, ब्राह्मी अक्षरांच्या खालून ग्रीक अक्षरांची शेपटं डोकावताहेत. पण नऊ हजार चुका एकाच पद्धतीने होत नाहीत. नहपानाचा पराभव झाला होता, त्याची चांदी खरी होती, आणि सातवाहन राजाने ती वितळवण्याचा खर्च वाचवून तिच्यावर आपलं नाव घातलं. जुनी छाप नीट पुसली गेली नाही म्हणून आपल्याला लढाईचा निकाल आणि काळाचा क्रम, दोन्ही एकाच नाण्यावर वाचायला मिळतात. तिथेही तीच कसोटी लागू पडते: वरची अखंड अक्षरं कुणाची आणि खालची चेपलेली कुणाची?

एका खऱ्या किंवा मानलेल्या चुकीने तर लिपीच्या इतिहासात गोंधळ घातला आहे. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरण नावाचं प्राचीन गाव आहे. तिथलं एक तांब्याचं नाणं पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला मिळालं. त्यावर ब्राह्मीत ‘धमपालस’, म्हणजे धर्मपालाचं, असं लिहिलेलं. पण अक्षरं उजवीकडून डावीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिपीचा अभ्यासक ब्यूलरने हे नाणं हाताशी धरून मांडलं की ब्राह्मी मुळात पश्चिम आशियातल्या लिपीवरून आली, आणि तिकडच्यासारखीच एके काळी उजवीकडून डावीकडे लिहीत असत. इतर पंडितांनी हसून म्हटलं, अहो, ठसा कोरणारा अक्षरं उलटी कोरायला विसरला असेल! ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. कारागिराने सवयीने सुलटं कोरलं तर नाण्यावर उलटं येणारच. पुढे आंध्रात एर्रगुडीला अशोकाच्या लेखात काही ओळी उजवीकडून सुरू झालेल्या सापडल्या, तरी ब्यूलरचं म्हणणं त्यामुळे सिद्ध झालं असं बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. माझा कल कोरणाऱ्याच्या बाजूने आहे. एका नाण्यावर लिपीचा उगम टांगण्यापेक्षा, एका माणसाच्या विसरभोळेपणावर विश्वास ठेवणं मला सोपं जातं. शिवाय हाच घोळ पुढच्या शतकांत कितीतरी कोरणाऱ्यांनी घातलेला आहे. सुट्टं एखादं उलटं अक्षर तर हातघडणीच्या नाण्यांत नवलाचं नाही.

मराठ्यांच्या चांदीच्या रुपयांचं आणखी वेगळं. त्यांवर मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर चालू राहिला, कारण बाजाराला त्या रूपाची सवय होती. कोरणाऱ्याला फारसी येत असेलच असं नाही. तो आधीच्या ठशावरून नक्कल करत होता, पुढचा त्याच्यावरून. पिढ्यान्पिढ्या अक्षरांची वळणं सैल होत गेली आणि शेवटी मजकुराची नक्षी झाली. यात चूक नेमकी कुठल्या दिवशी शिरली, हे कसं सांगणार? मी तरी अशा नाण्याला चुकीचं म्हणत नाही. बाजाराने ते घेतलं, सराफाने त्यावर खूण ठोकली, विषय संपला.

बाजाराचं सांगायचं तर आज चुकलेल्या नाण्यांना मागणी फार आहे आणि अक्कल कमी. मोबाइलवर दर आठवड्याला कुणीतरी पाठवतो: तुमच्याकडे अमुक नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणी शुल्क भरा. यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरणाऱ्यांविषयी बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, असं तिने स्पष्ट केलं. तरीही दरवर्षी माणसं फसतात. खऱ्या चुकीची किंमत ठरते ती ती किती विरळा आहे, किती स्पष्ट आहे आणि तिच्यावर भाळणारा जाणकार समोर आहे की नाही, यावर. बहुतेक चुकलेल्या रुपयांना रुपयाहून थोडं अधिक मिळतं, आणि त्यात दुःख करण्यासारखं काही नाही.

तेव्हा घरातला जुना डबा उघडलात, आजीच्या बटव्यात एखादा तिरका, उलटा, दुहेरी घावाचा पैसा सापडला, तर एवढंच करा. आधी कड बघा. मग रेघा उंच आहेत की खोल, ते भिंगाखाली पाहा. सोनाराकडे नेऊन वजन करा. आणि काहीही झालं तरी त्याला चिंच लावू नका, पितांबरीही नको, राख तर मुळीच नको. हिरवट-काळपट थर गेला की त्याबरोबर बारीक रेघाही जातात, आणि मग ते नाणं टांकसाळीत चुकलं होतं की तुमच्या स्वयंपाकघरात, हे कुणालाच सांगता येत नाही.